उन्हातली ज्योत

आधी वास आला. मला वाटलं, चिलमीच्या बुडाशी गुंडाळलेलं फडकं पेटलं. ओलं करूनच गुंडाळते मी ते, तरी वाऱ्यानं कोरडं पडतं अन् कड धरतं. चिलीम तोंडापासून लांब केली, पाहिली. फडकं शाबूत. वर तमाखू लाल, नीट धरलेली. गच्चीवर वारा असा, की दोरीवरचे माझ्या पोराचे, इंद्रजीतचे शर्ट आडवे झोपलेले. हर्सूलच्या तलावाकडून येतो हा वारा, आखाडात दाराला कडी घालू देत नाही. असल्या वाऱ्यात वास टिकायला नको, पण टिकला. कोंबडीची पिसं जाळल्यावर येतो तसला. मग मी डावा अंगठा पाहिला. बाजूचं कातडं पांढरं होऊन वर उचललं होतं अन् मधोमध काळा ठिपका. उजव्या हातातला लायटर अजून सूं करत होता. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. मी बटण सोडलं अन् थांबले. भाजल्यावर कळ यायला एवढासा वेळ लागतो ना, तेवढी थांबले. शर्ट फडफडले, खाली कुणीतरी रिक्षा मागं घेतली, शेजारच्यांच्या टाकीत पाणी पडायला लागलं. कळ आली नाही.

मी चिलीम कठड्याला टेकवून ठेवली अन् अंगठा तोंडात घातला. लहान पोरासारखा. जिभेला खरखरीत लागलं, राखेची चव लागली. म्हणजे जिभेला कळत होतं की तोंडात अंगठा आहे. अंगठ्याला कळत नव्हतं की तो तोंडात आहे. हे एवढं समजल्यावर मी पहिलं काय केलं असंल तर मागं वळून जिना पाहिला. जिन्यात कुणी नव्हतं. घरात सून होती, संध्या. खाली तिचा कुकर वाजत होता. तीन शिट्ट्यांनंतर ती मोकळी होते अन् कपडे काढायला वर येते.

चिलीम माझी आहे, नवऱ्याची नाही. लोक आपले समजतात की म्हातारा गेला अन् त्याच्या आठवणीत बाई ओढती. कसली आठवण. दुसऱ्या बाळंतपणात दाढ ठणकत होती, तेव्हा नवऱ्यानं, कडुबानंच पहिला झुरका दिला, दुखणं थांबतं म्हणून. दुखणं थांबलं, चिलीम राहिली. गांजा नाही, साधी तमाखू. कडुबा अर्ध्यात ठसकायचा, मी पुरी ओढायचे. पण चिलमीचं एक वाईट आहे. ती एकट्या माणसाची नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून धरावी लागते, मग काडी कोण ओढणार? ते काम कडुबाचं. शेताच्या बांधावर, उघड्या माळावर, कसलाही वारा असो, तो काडी ओढून दोन्ही तळव्यांचा असा कोनाडा करायचा की ज्योत हलायची नाही. माझ्या तोंडासमोर त्याचे हात यायचे, त्यांना मातीचा वास यायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. तोवर आम्ही सोयगावाकडचं बिऱ्हाड हलवून इकडं पोराकडं आलो होतो, अन् पोरानं घराला रंग दिल्यावर सांगितलं, "आई, ओढायची तर गच्चीवर ओढ. सोफ्याला वास बसतोय." सोफ्याला. मी म्हटलं, "तुला नऊ महिने पोटात ठेवलं तवा वास नाय आला का रं?" तो हसला, पण राख टाकायची वाटी त्यानं वर गच्चीवर नेऊन ठेवलीच.

गच्चीवर काडेपेटी चालंना. एकेका चिलमीला अर्धी पेटी जायची, काडी ओढली की फुस्स, ओढली की फुस्स. पाठ करून बसले, पदर आडवा धरला, पदराला भोक पाडून घेतलं. शेवटी संध्या म्हणाली, "आत्याबाई, वाऱ्यात न विझणारे लायटर मिळतात. चला, शहागंजात बघू." स्कूटीवर मागं बसून गेले मी. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, चष्मा कपाळावर. त्यानं तीन मांडले. एक प्लास्टिकचा, तो मी हातात पण घेतला नाही. दुसरा पेट्रोलचा, जड, झाकणाचा, आत कापसाची वात अन् वातीभोवती भोकं पाडलेलं पत्र्याचं धुराडं. तिसरा निळ्या ज्योतीचा, गॅसचा, बटण दाबलं की सापासारखा सूं करणारा. त्यानं टेबलपंखा लावून दाखवलं. पेट्रोलवाल्याची ज्योत वाकली, थरथरली, पण टिकली. निळी वाकली सुद्धा नाही. मी म्हटलं, हीच दे.

"अम्मा, ये नक्को लेव," तो म्हणाला. "वातवाला लेव. ढक्कन खोले तो अपने आप जलता रैता, हाथ खाली. ये जेट की आंच लई तेज, चिलम का मुंह काला करती, तंबाखू का मजा मारती. और धूप में लौ दिखतीच नै. उंगली जल जाती, पताच नै चलता."

"वातीची ज्योत वर जाती, मला खाली पायजे," मी म्हटलं. "चिलमीचं तोंड वर असतंय, बाबा. ही निळी जिकडं रोखली तिकडं जाती. आन् माझ्या बोटांची काळजी तू नको करू. मी चुलीतला निखारा हातानं उचलून चिलमीवर ठेवणारी बाई हाय."

"माशाल्ला," तो म्हणाला अन् संध्याकडं बघून हसला. संध्या म्हणाली, "खरंय चाचा. आमच्याकडं सगळ्यांना माहीताय."

सगळ्यांना माहीत आहे. हेच तर आता माझ्या अंगावर आलं. निखारा. चिमटा शोधायला वेळ नसायचा, मी दोन बोटांत निखारा धरायचे, फुंकर मारायचे, दोनदा इकडंतिकडं उडवून चिलमीवर बसवायचे. पाहुणे बघत राहायचे. कडुबा सांगायचा, आमच्या हिचे हात लोखंडाचे. मी पण मान वर करायचे. अन् आता गच्चीवर, भर दुपारी, अंगठा पदरात लपवून मी मोजायला बसले, की कोणत्या वर्षापासून. पहिल्यांदा निखारा उचलला तेव्हा भाजलं होतं का? भाजलं होतं. ओठ चावून धरला होता मी, हे पक्कं आठवतं, डोळ्यांत पाणी आलं होतं अन् ते धुरावर ढकललं होतं. मग कधीतरी ओठ चावायचा थांबला. तो कधी थांबला? सराव झाला, कातडं जाड झालं, असंच मी समजत होते. पण सराव झालेल्या हाताला कळ कमी येती, का येतच नाही? गोधडी शिवताना सुई नखाखाली घुसली होती अन् गोधडीवर रक्ताचे ठिपके बघून मला कळलं होतं, ते कधी? परवा चप्पल पायातून निसटून मागं राहिली अन् मी चार घरं तशीच अनवाणी चालत गेले, शेजारणीनं हाक मारली तेव्हा पायाकडं पाहिलं. तेव्हा हसले होते. म्हातारपण, म्हटलं. आता हसू येत नव्हतं. आता मी एकेक आठवण उचलत होते अन् प्रत्येकीच्या खाली तेच निघत होतं, दगड उचलल्यावर इंगळी निघावी तसं.

मी अंगठ्याला चिमटा काढला. बोटाला चिमटा काढल्याचं कळलं, अंगठ्याला काढून घेतल्याचं कळलं नाही. करंगळीला काढला. करंगळीला कळलं. की मी काढताना बघत होते म्हणून कळलं? डोळे मिटून काढला, पण चिमटा मीच काढत होते, कुठं काढते ते मला ठाऊकच होतं. स्वतःला फसवायला माणूस लागतं दुसरं. कुकरची पहिली शिट्टी झाली.

त्या रोगाचं नाव मी घेत नाही. आमच्या घरात ते नाव एकदाच घेतलं गेलं, अन् ते मी घेतलं. साळूबाई माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, बद्रीनाथची बायको. फर्दापूरची पोर, नाकीडोळी चांगली, तोंडाची बडबडी. त्या दिवशी ती भाकरी थापत होती अन् फर्दापुरात लेण्यांना आलेल्या गोऱ्या बायांची गंमत सांगत होती, की त्या भर उन्हात टोपी घालून केळं खातात अन् साल पिशवीत घालून परत घेऊन जातात. सांगताना तिचा कोपराखालचा हात तव्याच्या कडेला टेकला. चर्र झालं. हाच वास आला, हाच, आता आला तो. अन् साळू बोलतच राहिली. साल म्हणे पिशवीत घालून नेतात बाई, काय करत असतील हो त्या सालीचं? मी तिच्या हाताकडं बघत होते. कोपराच्या वर पांढरट चट्टा होता तिला, रुपयाएवढा, मला तो आधीच दिसला होता अन् मी तो साबणाचा समजले होते. मी तिच्यासमोरची परात ओढून घेतली. ती म्हणाली, काय झालं बाई? मी म्हटलं, ऊठ. पिठाला हात लावू नको. तुला महारोग हाय.

पुढचं मी तीस वर्षं लोकांना सांगत आले. कसं तिचं ताट वेगळं केलं, कशी गोठ्यात खाट टाकली, घोंगडी दिली, कसं तेव्हा गावात कुणाला कळू दिलं नाही, अकराव्या दिवशी बद्रीनाथला सांगून एसटीत बसवून फर्दापूरला पोचती केली, अन् पुढच्या वर्षी त्याचं दुसरं लग्न लावलं. मी होते म्हणून घर वाचलं, असं म्हणायचे मी. संध्या नवी सून म्हणून आली तेव्हा तिला पण सांगितलं, वाती वळता वळता, आमच्याकडं कसं असतं ते तिला कळावं म्हणून. तिनं वात हातात धरून विचारलं होतं, "डॉक्टरला दाखवलं होतं का हो त्यांना?" मी म्हटलं होतं, "डॉक्टरला काय दाखवायचं? मला डोळे नाहीत का?" नंतर कुणी कुणी सांगितलं की साळूनं सरकारी दवाखान्यातून गोळ्या खाल्ल्या, वर्षभरात बरी झाली, लेण्यांच्या वाटेवर चहाचं दुकान टाकलं, तिच्या हातचा चहा गोरे लोक पितात. मी म्हटलं, पितील, त्यांना काय माहीत. एकच गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. गोठ्यातल्या त्या अकरा दिवसांत साळू एकदाही रडली नाही, तर दर सकाळी मी भाकरी लांबून सरकवायला गेले की विचारायची, "बाई, आज बघा ना, कमी दिसतो का?" अन् हात पुढं करायची. मी बघायचे नाही. भाकरी सरकवायचे अन् पदरानं नाक धरून मागं फिरायचे. रोगाला वास नव्हता. मग मी नाक का धरायचे?

दुसरी शिट्टी. मी उठले, कठड्याशी गेले, खाली पाहिलं. खाली आमच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, भाडेकरूंसाठी बांधलेली, ती गेल्या दिवाळीपासून रिकामी आहे. इंद्रजीत म्हणतो भाडेकरू मिळत नाही. खोलीला खिडकी एक, ती भिंतीकडं. आत एक खाट आहे. मी त्या खोलीच्या पत्र्याकडं बघत राहिले अन् मला दिसायला लागलं की संध्या त्या दारात उभी आहे, पदर नाही तिला, ड्रेसची ओढणी नाकाला धरलेली, अन् उंबऱ्याच्या आत पायानं काहीतरी सरकवती आहे. ती वाईट नाही. मी पण वाईट नव्हते. मी घर वाचवलं. ती पण घर वाचवील, तिला कसं वाचवायचं ते मीच शिकवलंय, एक एक पायरी शिकवली. दोन पोरं आहेत तिची शाळेत जाणारी, माझ्या ताटातला घास मागून खातात. काल थोरल्यानं माझ्या हातून वरणभात खाल्ला. ह्या हातानं. मी हात उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला, हात माझाच होता, बांगड्यांचे वळ, विळ्याची जुनी खूण, सगळं ओळखीचं, अन् तरी तो कुणीतरी माझ्या खांद्याला लटकवून गेल्यासारखा वाटत होता. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते. गालाला केस कळत होते. कपाळाला कळत होते. म्हणजे अजून सगळी नव्हते गेले मी. कुठवर गेले होते? मनगटापर्यंत? कोपरापर्यंत? घरात कुणाला न कळता पाणी भिंतीतून चढतं तसं ते चढत असंल, अन् रंग फुगला की मगच दिसतं.

तिसरी शिट्टी मी ऐकलीच नाही. संध्या शेजारी उभी होती, हातात चिमट्यांची टोपली.

"काय बघताय खाली?"

"काय नाय."

"चिलीम विझली तुमची. पेटवून देऊ?"

"नको. मला कुणाची गरज नाय पेटवायला."

"बरं बाई." ती शर्ट काढायला लागली. मग थांबली. "हात पदरात का गुंडाळलाय?"

"थंडी वाजतीय."

"उन्हात?"

"तू कपडे काढ गं. वकिली नको करू."

तिनं टोपली खाली ठेवली. माझ्याजवळ आली, मी मागं सरकले, पाठीला कठडा लागला, अन् तोंडातून निघून गेलं, "लांब राहा!" हे मी तिला दरडावून म्हणत होते का विनवत होते, मला कळलं नाही. माझा आवाज मीच ओळखला नाही. संध्यानं पदर सोडवला, अंगठा पाहिला. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग जमिनीवर पडलेल्या लायटरकडं. मी तिच्या तोंडावर शोधत होते, नाक कधी आक्रसतं ते शोधत होते.

"ओरडला नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "मी खाली होते. ओरडला असता तर ऐकू आलं असतं."

मी अंगठा परत पदरात ओढला.

"भाजलेलं कळलं नाही तुम्हाला. व्हय ना?"

अन् मग मी जे म्हटलं ते सांगायला लाज वाटती. मी म्हटलं, "पोरांना सांगू नको. मी खालच्या खोलीत राहते. माझं ताट मीच घासीन."

संध्या एकदम मागं झाली, कुणी मारल्यासारखी. मला वाटलं, झालं. हेच ते. तिनं खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं, इंद्रजीतला लावती. पण पलीकडून बाईचा आवाज आला, फोन मोठ्या आवाजावर होता, मागं भांड्यांचा खणखणाट, कुणी हिंदीत चहा मागत होतं.

"बोल गं संध्या. आज कसा काय भर दुपारी?"

तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकला अन् तरी पहिल्या शब्दाला ओळखला. मी संध्याकडं पाहिलं. ती नजर न चुकवता म्हणाली, "मी बोलते त्यांच्याशी. दर सणाला. लग्न झाल्यापासून. तुम्ही ती गोष्ट सांगितली ना, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात नंबर काढला मी." मग फोनमध्ये म्हणाली, "काकू, आत्याबाईंचा हात भाजला. त्यांना कळलंच नाही."

पलीकडं भांडी वाजायची थांबली. मी कठडा घट्ट धरला. उजव्या हातानं. आता ती हसेल, मला वाटलं. हसू दे. तिचा हक्क आहे, तिनं हसावं अन् सगळं संपावं.

"साखर तपासली का त्यांची?" साळू म्हणाली. "साखरेनं पण होतंय असं. लगेच तेच धरून बसू नका."

"मी इथंच हाय, साळू," मी म्हटलं.

"ऐकू आलं मला, बाई, तुम्ही श्वास घेतला तवाच. घाबरलाव का?"

"मी? मला काय झालंय घाबरायला?"

"मग बरंय. मी लई घाबरले होते." तिनं हे असं सांगितलं की जसं केळ्याच्या सालीचं सांगत होती. "चट्टा हाय का कुठं?"

"मला नाय माहीत."

"आता घाई नाय. मी सांगते तसं करा. दवाखान्यात माझं करायचे तेच. संध्या, तुझ्याजवळ पेन हाय का? नसंल तर ओढणीचं टोक घे, पीळ दे त्याला बारीक. बाई, तुम्ही खाली बसा अन् डोळे मिटा. ही तुमच्या हाताला टोक लावील. जिथं लागंल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवायचं. नुसतं इथं इथं म्हणायचं नाय, बोट ठेवायचं. आन् बाई..."

"काय?"

"डोळ्याच्या फटीतून बघायचं नाय. तुमची सवय मला ठाऊक हाय."

संध्या हसली. मला पण हसू आलं असतं. मी फरशीवर बसले, ऊन तापलेलं पायाखाली लागलं, लागलं, ते कळलं मला, अन् मी त्याला धरून ठेवलं जीवासारखं. डोळे मिटले. आत लाल. वाऱ्यात शर्ट वाजत होते. मनगटाला काहीतरी शिवलं, मी लगेच बोट ठेवलं. "बरोबर," संध्या म्हणाली. कोपराजवळ. बरोबर. तळव्याच्या मधी, अगदी हलकं, मुंगी चालल्यागत. बरोबर. मी मनात म्हटलं, बघा, उगीच, सगळं कळतंय मला, नुसता एक अंगठा, जुनं कातडं, निखाऱ्यांनी जाड झालेलं, बाकी काय. पुढच्या स्पर्शाची वाट पाहत बसले. बोट तयार ठेवलं होतं. लाल अंधार. शर्ट. कुठंतरी लांब विमान.

"कर की गं," मी म्हटलं. "थांबलीस का?"

संध्या काही बोलली नाही.

"साळू, हिला सांग. ही लावतच नाय."

फोनमधून पण कुणी बोललं नाही. मग साळूचा आवाज आला, हळू, चहाच्या दुकानातला नव्हता तो, आमच्या गोठ्यातला होता. "बाई, मी उद्या पहिल्या गाडीनं निघते. दहापर्यंत तुमच्या तिथल्या सरकारी दवाखान्याशी येते. तिथल्या बाकावर एकटीनं बसवत नाय माणसाला, मला माहीत हाय. गोळ्या असतेत, बाई. निस्त्या गोळ्या खायच्या असतेत."

तिच्या येण्याचं मला रोगापेक्षा जास्त भ्या वाटलं. ती बाकावर माझ्या शेजारी बसेल, मांडीला मांडी लागेल, अन् मला तिच्याकडं बघावं लागेल, कोपराखाली, जिथं तवा लागला होता तिथं. नको येऊ, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"ये," मी म्हटलं.

डोळे उघडले. उन्हानं आधी काही दिसेना. मग संध्या दिसली, माझ्यासमोर फतकल मारून बसलेली, ओढणीचा पीळ केव्हाच सोडून दिलेला, गाल ओले. माझ्या डाव्या हाताची चार बोटं तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट आवळून धरली होती. कधीपासून धरली होती, मला माहीत नाही.